शिकाऊ हातांचे जेवण

विराटाच्या नगरीत भीम बल्लव हे नाव धारण करून गेला, तेव्हा त्याच्याजवळ कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. 'मी युधिष्ठिराच्या पदरी आचारी होतो' एवढे त्याने सांगितले आणि मुदपाकखान्याची किल्ली त्याच्या हाती आली. नळराजाचीही तीच गोष्ट. बाहुक होऊन तो ऋतुपर्णाच्या घरी राहिला आणि त्याने शिजवलेल्या अन्नाच्या नुसत्या चवीवरून दमयंतीने आपला नवरा ओळखला. बायकोने नवऱ्याला त्याच्या हातच्या चवीवरून ओळखावे, हा प्रकार आपल्या घरांत अंमळ उलटाच झाला आहे. पण ते असो. महाभारतकारांनी या दोन बल्लवाचार्यांची एवढी वाखाणणी केली, पण ते शिकले कोठे, आणि शिकत असताना त्यांच्या हातून जे करपले, खारट झाले, कच्चे राहिले ते खाल्ले कोणी, याविषयी अवाक्षर काढलेले नाही. मी पेशाने शाळामास्तर. मला हाच प्रश्न आधी पडतो.

कारण शिकणे म्हणजे चुकणे. माझ्या वर्गातला मुलगा गणितात चुकला तर वहीवर तांबडी रेघ येते आणि गोष्ट तेथेच संपते. वही काही कोणाला खावी लागत नाही. स्वयंपाकाचे तसे नाही. तेथे चूक ताटात येते. आपल्या घरांतून या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले होते. मुलगी आईजवळ शिकली, सून सासूच्या नजरेखाली शिकली. आणि पहिली फाटकी पोळी, करपलेली भाकरी, न फुगलेली पुरी जिने केली तिच्याच ताटात जाऊन पडली. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर, चुलीपाशी बसून, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने तिने ती खाल्ली. या शिक्षणाला फी नव्हती असे म्हणतात. मला ते पटत नाही.

पुढे पुस्तके आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले; लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' लिहून हजार पाकक्रिया एका जागी आणल्या; १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने तर परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्या किती मुलींचा संसार सावरला असेल, याची गणती नाही. पण पुस्तक कृती सांगते, प्रमाण सांगते. खाणारा माणूस काही ते पुरवू शकत नाही. आणि खाणाऱ्यावाचून स्वयंपाक शिकता येत नाही, ही या विद्येची मूळ अडचण आहे.

ही अडचण एका विलक्षण युक्तीने सोडवलेली आढळते. पाकशाळेनेच एक उपाहारगृह उघडावे. रांधणारे विद्यार्थी, वाढणारे विद्यार्थी, आणि जेवणारे मात्र खरेखुरे पैसे देणारे गिऱ्हाईक! म्हणजे परीक्षा द्यायची मुलांनी आणि परीक्षेची फी भरायची परीक्षकाने. ऐकताना हे थट्टेचे वाटते; पण जगातल्या काही नामांकित पाकशाळा गेली कित्येक दशके याच रिवाजावर चालल्या आहेत आणि लोक तेथे आधी जागा राखून, चांगले कपडे करून, हौसेने जेवायला जातात.

युरोपात हे येथवर आले त्याला बराच काळ लागला. तेथेही शाळेच्या आधी उमेदवारीच होती, आणि ती आपल्या सासुरवासापेक्षा सौम्य नव्हती. फ्रान्सचा अंतोनिन कारेम हा मोठमोठ्या राजेरजवाड्यांना जेवू घालणारा आचारी. पण लहानपणी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, गरिबीमुळे आईबापांनी त्याला पॅरिसच्या रस्त्यावर सोडून दिले होते. एका साध्या खाणावळीत पडेल ते काम करून तो पोटापुरते मिळवू लागला. १८३३ साली तो वारला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. वारा न खेळणाऱ्या भटारखान्यांतील कोळशाच्या धुराने त्याला खाल्ले असे मानले जाते. त्यानंतरचा मोठा आचार्य ऑग्युस्त एस्कॉफिए. हा तेराव्या वर्षी नीस शहरात चुलत्याच्या उपाहारगृहात कामाला लागला. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले, त्यात तो सैन्याचा आचारी होता. लष्करी शिस्त त्याने तेथे पाहिली आणि पुढे ती स्वयंपाकघरात आणली: एकाने रस्से पाहायचे, एकाने भाजण्याचे, एकाने मासळीचे, एकाने गोडाचे, आणि या सगळ्यांवर एक मुख्य. तोवर एकच माणूस एक पदार्थ अथपासून इतिपर्यंत करीत बसे. भटारखान्यातला आरडाओरडा आणि दारूबाजी बंद करण्याचा खटाटोपही त्याचाच.

शाळा निघाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे १८९३ साली जाक चूमी याने हॉटेलविद्येची शाळा काढली. अशी ही जगातली पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. १८९५ साली पॅरिसमध्ये मार्त दिस्तेल या पत्रकार बाईने पाकशास्त्राचे एक मासिक काढले, आणि वर्गणीदारांसाठी १८९६च्या जानेवारीत प्रत्यक्ष पाठ सुरू केले. पहिल्याच पाठाला विजेची चूल होती, हे त्या काळचे मोठे नवल. आजचे 'कॉर्दों ब्लू' हे जगभर पसरलेले नाव त्या मासिकाचेच. मासिकातून शाळा जन्माला आल्याचे हे उदाहरण आमच्या संपादकांच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते. लंडनला वेस्टमिन्स्टर येथे १९१० साली धंदेवाईक आचाऱ्यांसाठी वर्ग निघाला आणि एस्कॉफिएचा त्याला आशीर्वाद लाभला.

मला ज्या शाळेची कथा सांगायची आहे ती मात्र अमेरिकेतली, आणि तिच्या मुळाशी दोन बायका आहेत.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेचे लाखो तरुण शिपाई घरी परतले. त्यांना पुन्हा संसाराला लावायचे कसे, ही चिंता सरकारला युद्ध संपण्याच्या आधीपासूनच होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४४च्या जून महिन्यात एका कायद्यावर सही केली. परतलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार करील, असा तो कायदा. दुसरीकडे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन गावच्या उपाहारगृहवाल्यांना हाताखाली शिकलेली माणसे मिळेनाशी झाली होती. शिपायांना काम हवे होते, हॉटेलांना माणसे हवी होती, आणि पैसा सरकारचा होता. या तिन्हींची मोट बांधली ती फ्रान्सिस रॉथ या वकील बाईने. कनेक्टिकटच्या वकीलसंघात प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. हॉटेल चालवणे तिला ठाऊक नव्हते. पण संस्था चालवणे तिला पक्के ठाऊक होते. कॅथरिन एंजेल ही तिच्या पाठीशी उभी राहिली. ही येल विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांची पत्नी. तिच्या शब्दाला गावात वजन होते. २२ मे १९४६ रोजी पन्नास विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. शिकवायला एक आचारी, एक भट्टीवाला आणि एक आहारशास्त्र जाणणारी बाई, एवढाच सरंजाम.

मला या पन्नास जणांचे फार कौतुक वाटते. कालपरवापर्यंत ज्या हातांत बंदूक होती त्या हातांत आता कांदा चिरायची सुरी आली. ज्या देशात स्वयंपाक हे बायकांचे किंवा परदेशातून आलेल्या गरिबांचे काम समजत, तेथे युद्ध जिंकून आलेले पुरुष रस्सा ढवळायला शिकू लागले. आणि त्यांना शिस्त लावायला वर एक बाई!

शाळा वाढली. वर्षभरातच ती येल विद्यापीठाशेजारच्या एका मोठ्या वाड्यात गेली. १९५१ साली तिने 'कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' हे नाव घेतले. या नावाची आद्याक्षरे घेतली म्हणजे 'सीआयए' होते, आणि अमेरिकेचे प्रसिद्ध हेरखातेही तेच. हेरखाते १९४७चे, म्हणजे शाळा वयाने वडील, पण हे नाव घेण्यात हेरखाते पुढे. तेव्हापासून आजतागायत या आद्याक्षरांवरून विनोद चालू आहेत आणि शाळेतल्या पोरांना ते ऐकून घ्यावे लागतात.

विद्यार्थी हजाराच्या वर गेले तशी न्यू हेवनची जागा अपुरी पडू लागली. हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्कच्या उत्तरेला हाइड पार्क या गावी जेझुइट पाद्र्यांचा एक मठ रिकामा झाला होता. नवशिके पाद्री तेथे दीक्षेआधी राहत. १९७० साली दहा लाख डॉलरला तो मठ शाळेने विकत घेतला आणि १९७२ साली तेथे वर्ग भरू लागले. योगायोग असा, की हाइड पार्क हे रूझवेल्टचेच गाव. त्याचे घर तेथे, त्याची समाधी तेथे. ज्याच्या सहीने पहिल्या विद्यार्थ्यांची फी भरली गेली, त्याच्याच गावात शाळा अठ्ठावीस वर्षांनी मुक्कामाला आली.

मठाची इमारत भव्य, तांबड्या विटांची. तिला आता रॉथबाईंचे नाव आहे. मठातले प्रार्थनामंदिर मोडले नाही. रंगीत काचांच्या खिडक्या तशाच ठेवून तेथे विद्यार्थ्यांची भोजनशाळा केली. ज्या जागी नवशिके पाद्री गुडघे टेकीत, तेथे आता नवशिके आचारी आपल्याच सोबत्यांच्या हातचे जेवतात. आवारात पाद्र्यांची जुनी दफनभूमी आहे. तेय्यार द शार्दॅं हा १९५५ साली वारलेला थोर फ्रेंच जेझुइट, जीवाश्मांचा अभ्यासक आणि तत्त्वचिंतक, तेथेच चिरनिद्रा घेत आहे. सृष्टीच्या उत्क्रांतीचा विचार करणाऱ्या त्या माणसाच्या थडग्यापासून हाकेच्या अंतरावर रोज पहाटे पावाची भट्टी पेटते.

या आवारातच शाळेची उपाहारगृहे. त्यांतले जुने आणि मानाचे एक एस्कॉफिएच्या नावाने चाले. फ्रेंच आचार्य पॉल बोक्यूज यांच्या गौरवार्थ २०१३ साली त्याचे नवे रूप झाले. स्वतः बोक्यूजचा मुलगा याच शाळेत शिकलेला. अमेरिकन पदार्थांचे निराळे, इटालियन पदार्थांचे निराळे, अशीही दालने निघाली. अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याला या उपाहारगृहांत काही आठवडे काढावे लागतात, आणि त्यातली मेख अशी की ते सगळे आठवडे चुलीपाशी काढून भागत नाही. अर्धे दिवस आत रांधायचे आणि अर्धे दिवस बाहेर वाढायचे. आत आपणच शिजवलेले अन्न बाहेर माणसाच्या तोंडात जाताना त्याचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिले नाही तो आचारी अर्धाच, असा त्यामागचा विचार असावा. आपल्याकडे पंगतीत वाढपी आणि आचारी यांचे जे पिढीजात वैर असते, त्यावर हा चांगला उतारा आहे.

गिऱ्हाईक येण्यापूर्वीच अर्धी लढाई संपलेली असते. भाज्या एका मापाच्या चिरलेल्या, रस्से उकळून गाळलेले, प्रत्येकाची सामग्री हाताशी मांडलेली. मग बाहेरून चिठ्ठी येते. गुरुजी ती मोठ्याने वाचतात. मुले एका सुरात 'होय' म्हणतात. आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. एका मेजावर चौघे बसले असतील तर चौघांचे चार निराळे पदार्थ एकाच वेळी, गरम असायचे ते गरम आणि गार असायचे ते गार, तयार व्हायला हवेत. एकाचा मासा दोन मिनिटे मागे पडला की बाकीच्या तिघांची ताटे निवू लागतात. ताट बाहेर जाण्यापूर्वी गुरुजींच्या नजरेखालून जाते, आणि पसंत न पडल्यास परत फिरते. अँथनी बोर्डेन हा पुढे लेखक म्हणून फार गाजलेला आचारी १९७८ साली या शाळेतून बाहेर पडला. २००० साली निघालेल्या त्याच्या आत्मकथनात त्याने एस्कॉफिए दालनातील मुख्य आचार्यांच्या दहशतीचे वर्णन केले आहे. ते वाचताना आमच्या वेळच्या गणिताच्या मास्तरांची आठवण होते.

आपल्याकडेही अशी भोजनदालने आहेत, हे पुष्कळांच्या गावी नसते. केटरिंग कॉलेजातून शिकाऊ उपाहारगृह असतेच. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कॉलेजात होता. शाळेत असताना हा मुलगा अपूर्णांकांशी कायमचा फटकून वागे. त्याने एकदा आम्हा उभयतांना कूपन काढून जेवायला बोलावले. गेलो तर पांढरे शुभ्र मेजपोस, घडीचे नॅपकिन, आणि खांबाशी एक शिक्षिका हातात वही घेऊन उभ्या. वाढायला जो मुलगा आला त्याचा हात असा थरथरत होता, की सूपचे भांडे आणि बशी यांचा अखंड किणकिणाट चालला होता. त्यातले थोडे माझ्या बाहीवर आले. मुलगा पांढराफटक पडला. शिक्षिकाबाईंनी वहीत काहीतरी टिपले. आमचे शिष्योत्तम आत चुलीपाशी होते. मधूनच दाराच्या काचेतून त्यांचा उंच पांढरा टोप दिसे आणि नाहीसा होई. अपूर्णांक न येणारा हा मुलगा आठ माणसांची कृती साठ माणसांना कशी वाढवत असेल, या काळजीने मला जेवणच सुधरेना. पण जेवण चांगले होते. पनीर तर उत्कृष्ट. डाळीत मात्र मीठ कमी होते.

जेवणानंतर एक छापील कागद आला: पदार्थ कसे होते, वाढप कसे होते, सूचना लिहाव्यात. आजूबाजूच्या मेजांवरची मंडळी भराभर 'छान', 'अत्युत्तम', 'अभिनंदन' असे लिहून हात पुसत उठत होती. विद्यार्थी आपला, बोलावणे त्याचे. माझीही लेखणी 'छान'कडेच वळत होती. एवढ्यात सौभाग्यवतींनी कागद ओढून घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिले, 'डाळीत मीठ कमी. फोडणी देताना जिरे करपले.' मी म्हटले, "अगं, मुलाचे गुण जातील!" ती म्हणाली, "मग जाऊ देत. पुढे नोकरी जाण्यापेक्षा बरे." शिक्षिकाबाईंनी तो कागद वाचला आणि हसून म्हणाल्या, "बाई, आज सकाळपासून कामाचा असा हा पहिलाच कागद." थोड्या वेळाने टोप काढून शिष्योत्तम बाहेर आले, पाया पडले, आणि आधी बाईंनाच विचारू लागले, "काकू, जिरे मोहरीच्या आधी टाकले म्हणून करपले का?" दोघांचे मग पंधरा मिनिटे चालले होते. मी बाही वाळवीत बसलो.

या कॉलेजांचा आपल्या देशातला जन्म मात्र मेजपोस आणि नॅपकिन यांतून झालेला नाही. तो भुकेतून झाला.

१९४३चा बंगालचा दुष्काळ लोक विसरले नव्हते. स्वातंत्र्य आले ते रेशनकार्ड हातात घेऊनच. लग्नात किती पाने मांडावीत यावरदेखील सरकारी बंधने होती; आमची आजी सांगे, की सोयऱ्यांना जेवायला बोलावताना माणूस आधी डोकी मोजी. १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्न व शेती खाते कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी या स्वतः गुजरातीतल्या लेखिका आणि सार्वजनिक कार्यकर्त्या. त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांची अखिल भारतीय अन्न परिषद उभी राहिली आणि दिल्लीसह काही शहरांत 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे निघाली. रेशनवरच्या गहू-तांदळाला शक्यतो हात न लावता कंद, केळी, शेंगदाणे अशा पूरक वस्तूंतून पोटभर आणि पौष्टिक खाणे स्वस्तात द्यायचे, हा त्यांचा बाणा. पोळीभाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे, अशी ज्या देशाची समजूत, तेथे हा प्रयोग सोपा नव्हता. नेहमीचे जिन्नस न वापरता रुचकर रांधायला शिकलेले हात लागतात, आणि असे हात तयार करणारी शाळा देशात नव्हती.

ती १९५४ साली मुंबईत निघाली. त्याच परिषदेच्या आणि लीलावतीबाईंच्या पुढाकाराने, अंधेरीला भारतीय विद्या भवनाच्या आवारात केटरिंगचे कॉलेज सुरू झाले. देशातले अशा तऱ्हेचे हे पहिले. पुढे ते दादरला वीर सावरकर मार्गावर आले आणि तेथेच आजही आहे. रॉथबाईंच्या शाळेमागे घरी परतलेले शिपाई होते, लीलावतीबाईंच्या शाळेमागे रिकामी कोठारे होती. दोघींचा आपसांत काही संबंध आल्याचे मी म्हणत नाही; पण आठ वर्षांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना, ज्या दोन बायकांनी स्वयंपाकाला शाळेत बसवले त्यांतली एकही आचारीण नव्हती, हे मला लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

दादरहून लालबाग-परळ दूर नाही. गिरणगावच्या चाळींतून त्याच काळात शेकडो बायका गिरणीकामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालीत होत्या. एका खोलीत दहा-वीस गडी पाळीपाळीने जेवत. वाणी उधारीवर माल देई आणि सावकार व्याज खाई. या बायकांनी कोणतेही कॉलेज पाहिले नव्हते. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून मुंबईत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांची संघटना बांधली, राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्जे मिळवून दिली, आणि तिचे नाव ठेवले अन्नपूर्णा महिला मंडळ. सरकारी उपाहारगृहांवरची ती पाटी तोवर लोकांच्या विस्मरणात गेली होती. नाव मात्र ज्यांना सर्वांत शोभावे त्यांच्याकडे आले.

काळ पालटला. हरितक्रांती झाली, मिलो खाण्याचे दिवस सरले. केटरिंगची ही कॉलेजे प्रारंभी केंद्राच्या अन्नखात्याकडे होती. १९८२ साली ती पर्यटनखात्याकडे गेली आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. भुकेल्यासाठी काढलेली शाळा आता पाहुण्यासाठी झाली. तेथली मुले पुढे पंचतारांकित हॉटेलांत, विमानांत, आगबोटींवर गेली. आईबापही आता मुलगा 'शेफ' झाला असे अभिमानाने सांगतात. पूर्वी मुलगा आचारी झाला हे सांगताना आवाज उतरत असे.

पण दादरच्या त्या संस्थेचे पुरे नाव पाहावे: हॉटेल व्यवस्थापन, केटरिंग तंत्रज्ञान व उपयोजित पोषणशास्त्र संस्था. यातले शेवटचे पोषणशास्त्र अन्नखात्याच्या दिवसांपासूनचे आहे. खाते बदलले तरी ते कोणी खोडले नाही. प्रवेशाच्या अर्जावर मुले ते लांबलचक नाव पूर्ण लिहितात. बोलताना सगळे 'दादर केटरिंग' एवढेच म्हणतात.